डफ रॉब्लिन: मोटारी विकणाऱ्याचा कालवा

विनिपेगकर: धंद्यातला माणूस सत्तेवर आला की खर्चाला कात्री लावतो, असं आपण धरूनच चालतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या डफ रॉब्लिननं नेमकं उलटं केलं, म्हणून हा धागा काढतोय. राजकारणाआधी तो विनिपेग शहरात मोटारी विकायचा. १९४९ मध्ये प्रांताच्या विधानसभेत निवडून आला आणि पुढच्याच वर्षी रेड नदीला महापूर आला. जवळपास लाखभर लोकांना घरं सोडावी लागली. १९५८ ते १९६७ तो मुख्यमंत्री होता. त्या काळात त्यानं शहराला पूर्वेकडून वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा पूरकालवा खणायला घेतला. खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. लोक 'डफचा चर' म्हणून हिणवायचे.

मी कामावर जाताना रोज तो ओलांडतो. उन्हाळ्यात नुसतं गवताचं रुंद, कोरडं खोरं. पुराच्या वर्षी एप्रिलात त्याच खोऱ्यात गढूळ पाणी पसरलेलं असतं. त्या रात्री तळघरातला पंप चालू आहे ना एवढं बघून मी निवांत झोपतो. भांडवल घालणं आणि पैसा उधळणं यातला फरक धंदेवाल्यालाच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

मंजिरी: मोटारी आठवल्या आणि आजोबा विसरलात! रॉडमंड रॉब्लिन १९०० पासून १९१५ पर्यंत मुख्यमंत्री होते आणि विधानभवनाच्या बांधकामातल्या घोटाळ्यामुळे त्यांना जावं लागलं. हा त्यांचा नातू. राजकारण घरातच होतं, मोटारींना कशाला श्रेय देता? शिवाय कालव्याचा खर्च आणि फायदा तपासणारा आयोग आधीच्या कॅम्पबेल सरकारनं नेमला होता. निम्म्याहून जास्त पैसा ओटावातून, म्हणजे केंद्र सरकारकडून आला. केंद्राच्या जिवावर धाडस दाखवणं सोपं असतं.

विनिपेगकर: आयोग नेमणं वेगळं आणि अहवाल हातात आल्यावर जमीन खणायला लावणं वेगळं. केंद्राकडून पैसा काढून आणणं हेही कामच आहे. आणि झळ त्यालाही बसली. शाळा, रस्ते यांवर हात सैल सोडला होता, म्हणून १९६७ मध्ये ५ टक्के विक्रीकर लावावा लागला. पुढच्या वर्षी कॅनडाच्या संसदेसाठी उभा राहिला आणि विनिपेगमध्येच पडला. कालवा १९६८ मध्ये पुरा झाला, १९६९ मध्येच वापरावा लागला.

काठावरची: तुम्ही दोघंही शहरातून बोलताय. कालव्याच्या तोंडाशी नदीत दोन दरवाजे आहेत. पूर आला की ते तळातून वर उचलतात, म्हणजे पाणी अडून कालव्यात वळतं. पण अडलेलं पाणी मागेही फुगतं. १९९७ च्या पुरात दरवाज्यांच्या वरच्या अंगाला पाणी नैसर्गिक पातळीच्याही वर चढलं आणि तिथल्या ग्रांद प्वांत गावातली घरं बुडाली. शहर वाचलं ते त्यांच्या अंगणात पाणी लोटून. अशा पाण्याची भरपाई हक्कानं मिळावी यासाठी कायदा झाला तो २००४ मध्ये. सात वर्षांनी! भांडवलाचं बोलताय ना, मग हे देणं कुठल्या वहीत लिहिलं होतं?

विनिपेगकर: याला माझ्याकडे उत्तर नाही. ही भरपाई पहिल्या दिवसापासून कालव्याच्या किमतीत धरायला हवी होती, आणि तो दोष रॉब्लिनपासून पुढच्या सगळ्या सरकारांवर येतो. तरीही कालवा चूक होता असं मी म्हणणार नाही.

काठावरची: चूक मीही म्हणत नाही. त्या वर्षी दरवाजे उचलले नसते तर विनिपेग गेलंच असतं. शिवाय नुसत्या कालव्यावर भागलं नाही, पश्चिमेला ब्रुनकिल्ड गावाकडे घाईघाईनं मातीचा लांबलचक बांध घालावा लागला. माझा राग 'डफनं शहर वाचवलं' या एका वाक्यावर आहे. ग्रांद प्वांतच्या माणसासमोर ते म्हणून बघा.

मंजिरी: आजोबांचं माझं म्हणणं मात्र अजून कुणी खोडलेलं नाही.