बांगलादेश कृतघ्न म्हणे! सोयरीक एकाच घराशी कोणी केली मग?

गाझीपूर_रिटर्न
कालच्या पोस्टवर तिथेच लिहिणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा. त्यात म्हटलं होतं, "७१ला देश मिळवून दिला आणि आता आपल्यावरच उलटले, सापाला दूध पाजलं." अहो, एक कोटी निर्वासित सांभाळले हे खरंच, पण म्हणून पोराबाळांनी, नातवंडांनीसुद्धा पाया पडत राहायचं का?

२०१२ ते १६ मी ढाक्याजवळच्या गाझीपूरला गारमेंट फॅक्टरीत होतो. जानेवारी २०१४ची निवडणूक, बीएनपी या मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार, बसवर पेट्रोल बॉम्ब, आणि ३०० पैकी निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध. आमच्या फ्लोअरचा सुपरवायझर म्हणाला, दादा, माझं मत मागायलाही कोणी फिरकलं नाही, तुमची दिल्ली मात्र खूश. काय बोलणार? महिनाभर आधीच आपल्या परराष्ट्र सचिव ढाक्याला जाऊन आल्या होत्या आणि इर्शादनं (जुना लष्करशहा, तेव्हा जातीय पार्टीचा नेता) बाहेर येऊन सांगितलं की निवडणूक लढवा असा आग्रह झाला. मैत्री देशाशी नव्हतीच, तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनाबाईंच्या घराशी होती. ५ ऑगस्ट २०२४ला विद्यार्थी आंदोलनामुळे बाई पळाल्या त्या उतरल्या कुठे? दिल्लीजवळ हिंडनच्या हवाई तळावर. मग तिथली पोरं चिडणार कोणावर?

कोकणकडा
वा वा. मग त्यानंतर देवळं फोडली तीपण दिल्लीनंच का? हिंदू १९७४ला साडेतेरा टक्के होते, २०२२ला आठच्या खाली. देशाचे संस्थापक आणि हसीनांचे वडील मुजीब, त्यांचं ढाक्यातलं धानमंडीचं घर फेब्रुवारी २०२५मध्ये बुलडोझर लावून पाडलं. जे मुजीबांचे झाले नाहीत ते तुमचे होणार?

गाझीपूर_रिटर्न
हल्ले झाले, नाही कोण म्हणतंय. पण तो टक्का हसीनांच्या काळातही घसरतच होता की! इस्लाम राज्यधर्म केला इर्शादनं १९८८ला. २०११ला बाईंनी घटना बदलली तेव्हा तो काढला? नाही. काढली काय, तर केअरटेकर सरकारची, म्हणजे निवडणुकीपुरत्या निष्पक्ष सरकारची तरतूद, जिच्यामुळे निवडणुका त्यातल्या त्यात बऱ्या व्हायच्या.

लासलगाव_लाल
सोयरीक कशी मोडते ते आम्हाला विचारा. सप्टेंबर २०१९, कांदा निर्यातबंदी, ना सूचना ना काही. बांगलादेश म्हणजे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हसीना दिल्लीत येऊन हसतहसत बोलल्या, स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा घालू नको, आधी कळवलं असतं तर बरं. हसल्या पण टोमणाच तो. २०२०ला परत, डिसेंबर २०२३ला परत. २०२०ला भावाचा ट्रक बॉर्डरच्या रांगेत अडकला, गोण्यांतून पाणी गळायला लागलं, ड्रायव्हर म्हणे वासानं जेवण जाईना.

कोकणकडा
आणि इथे शंभर रुपये किलो झाला तेव्हा आम्ही काय बांगलादेशला जेवायला जायचं होतं? आधी घरचं बघा.

लासलगाव_लाल
शंभरला गेला की बोंबलता, आम्ही दोन रुपयांनी ओततो तेव्हा कुठे असता? तेव्हा तर कांदाभजीचे फोटो टाकता!!

सांगलीचा_पूर
पाण्याचं कोणीच काढत नाही. गंगेवरचा आपला फराक्का बंधारा १९७५पासून चालू. गंगेचा करार १९९६चा, ३० वर्षांचा, डिसेंबर २०२६ला मुदत संपते. तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार २०११ला ममतांनी ऐनवेळी अडवला तो अडलाच. अलमट्टीची उंची वाढवणार म्हटलं की आमच्याकडे मोर्चे निघतात, त्यांच्या तर वरच्या अंगाला अख्खा दुसरा देश बसलाय.

कोकणकडा
अलमट्टी कुठून आली मध्येच? आणि भाऊ, दोन रुपयांचं मला नका सुनावू, मी काय व्यापारी आहे का.

लासलगाव_लाल
नाही, तुम्ही फक्त खाणारे. बंदी तुमच्याचसाठी होती.

गाझीपूर_रिटर्न
अरे धागा कशावर आहे...

कोकणकडा
बरं बाबा, २०१४ला आपण डोळे मिटून घेतले, घ्या लिहून, फ्रेम करून लावा. पण देवळांचं काय त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

गाझीपूर_रिटर्न
नाहीये माझ्याकडे. त्या सुपरवायझरला विचारलं असतं, पण ऑगस्ट २०२४पासून तो माझा फोन उचलत नाही.

लासलगाव_लाल
आमचा तिकडचा कांदा घेणारा व्यापारी उचलतो. म्हणतो, भाव सोडा, बंदी कधी घालणार तेवढं सांगा.