जर्सी नंतर, आधी हॉल आणि आखणी

रोलर डर्बीची, म्हणजे चाकांचे स्केट्स घालून ट्रॅकवर धक्के देत खेळायच्या सांघिक खेळाची, नवी टीम कशी उभी करायची या चर्चेत लोगो, जर्सी, टीमची नावं यावर बरंच लिहून झालंय. ते होईल सावकाश. आधी हॉल बघा. सपाट ट्रॅक ८८ बाय ५५ फुटांचा असतो, भोवतीची १० फूट मोकळी जागा धरून १०८ बाय ७५. मध्ये खांब असेल तर भाडं कितीही कमी असो, तो हॉल सोडा.

आखताना मध्यबिंदूपासून दोन्हीकडे १७.५ फुटांवर खुणा करा आणि तिथून १२.५ फुटांच्या दोरीने आतली अर्धवर्तुळं काढा. बाहेरची २६.५ फुटांची, पण त्यांचं केंद्र लांबीला आडवं १ फूट सरकवायचं, दोन टोकांना विरुद्ध दिशांना. हमखास राहतं ते हेच, आणि मग ट्रॅक सगळीकडे सरसकट १४ फूट रुंद होतो. तो १३ ते १५ फूट बदलायला हवा. रेषेच्या चिकटपट्टीखाली बारीक दोरी घाला. नजर पॅकवर, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यावर, असली तरी कड चाकाला कळते.

पहिले काही आठवडे धक्काबुक्की नकोच. थांबणं आणि पडणं घोटून घ्या: पडायचं गुडघ्याच्या पॅडवर, मुठी मिटून. पसरलेल्या बोटांवरून मागच्याची चाकं जातात.

ट्रॅकवर प्रत्येक टीमचे ५ खेळाडू पुरतात खरे, पण २ मिनिटांपर्यंतच्या जॅमनंतर (जॅम म्हणजे खेळाची एक फेरी) विश्रांती जेमतेम ३० सेकंदांची, त्यामुळे बदली खेळाडू नसतील तर सराव सामना रडतखडतच चालतो. रेफरी, गुणलेखक आणि पेनल्टी बॉक्सचे टाइमर (शिक्षा म्हणून बाहेर बसवलेल्या खेळाडूंची वेळ मोजणारे) मात्र पहिल्या दिवसापासून गोळा करा, न स्केटणारी मित्रमंडळीही चालतात.