२५ नंबरची चेन ढिली पडतेय, घरच्या घरी टेन्शनर कसा बनवायचा? (रोबोकॉन)

सांगलीची मेकॅनिकलवाली
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजची टीम रोबोकॉनसाठी (कॉलेजांची रोबो स्पर्धा) रोबो बनवतेय. एका बाजूची दोन्ही चाकं एकाच मोटरवर आहेत, मधे २५ नंबरची चेन, दोन्हीकडे १६ दाती स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक). नवीन होती तेव्हा चेन टाइट होती, दोन दिवस पळवला आणि आता रिव्हर्स मारला की टक्क आवाज येतो, काल तर चेनने दात सोडला आणि रोबो तिरकाच गेला. खालच्या ॲल्युमिनियम चॅनेलवर चेन घासून काळा पट्टा उमटलाय. पीएलएमध्ये (३डी प्रिंटरचं प्लास्टिक) चेन ताणून धरणारा स्प्रिंगवाला टेन्शनर प्रिंट करून लावला, पुढे जाताना मस्त चालतो, मागे येताना स्प्रिंग दबते की परत तेच. आर्मलापण चेन आहे, तोही हलतो. विकतचे टेन्शनर बजेटमध्ये बसत नाहीत. कुणी स्वतः बनवलेत का?

भोसरीचा टूलरूमवाला
बाळा, आधी ती स्प्रिंग काढ. टेन्शनर नेहमी चेनच्या सैल बाजूला लावतात. कन्व्हेयर एकाच दिशेने फिरतो म्हणून तिथे स्प्रिंग चालते, तुमचा रोबो मागे घेतला की सैल बाजूच ओढाची होते आणि मोटरचा सगळा जोर त्या स्प्रिंगवर येतो. मागेपुढे करणाऱ्या यंत्राला पक्का बसणाराच टेन्शनर पाहिजे, बोल्टने आवळायचा.

आणि त्याच्याही आधी दोन शाफ्टमधलं अंतर बघ. दोन्ही स्प्रॉकेट सारखी असली की हिशोब सोपा आहे, चेनच्या कड्यांतून दात वजा कर, निम्मे कर आणि पिचने (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, २५ नंबरला ६.३५ मिमी) गुण. ७६ कड्या धर, ७६ वजा १६ म्हणजे ६०, निम्मे ३०, गुणिले ६.३५, म्हणजे १९०.५ मिमी. कड्या समच ठेव, विषम केल्या तर अर्धी कडी घालावी लागते आणि चेन नेमकी तिथेच तुटते.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजतात. तुझी चेन ४८२.६ मिमी, एक टक्का झिजली तर साधारण ५ मिमी लांबली, शाफ्ट त्याच्या निम्मा म्हणजे अडीच मिमी सरकवला की झालं. बाइकच्या मागच्या चाकाला असतं तसंच कर: बेअरिंग ब्लॉकची भोकं कानशीने लांबट कर, मागून एम५ चा बोल्ट ढकलायला ठेव, त्याला चेकनट (बोल्ट ढिला पडू नये म्हणून आवळायची नट). सरकायला ७ मिमी जागा दे. का, तर ६.३५ मिमी सरकला की चेनमधून दोन कड्या काढता येतात आणि ब्लॉक परत मूळ जागी येतो. बोटाने मधोमध दाबल्यावर चेन ३-४ मिमी हलली पाहिजे, वीणेच्या तारेसारखी ताणू नकोस, बेअरिंग जातील आणि मोटर करंट जास्त ओढेल.

मिशिगनकर
काकांशी सहमत. मी इथे मुलीच्या हायस्कूलच्या एफआरसी (शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा) टीमला मदत करतो, तिथेही २५ आणि ३५ नंबरच्याच चेन असतात आणि स्प्रिंग आम्हीही सोडून दिली.

चॅसिस आधीच वेल्ड झाली असेल आणि शाफ्ट सरकत नसेल तर चेनच्या आत, वरच्या आणि खालच्या पदराच्या मधे एक मोठं स्प्रॉकेट नुसतं अडकवून बघ, शाफ्ट नाही, बेअरिंग नाही, काही नाही. दोन पदर उलट दिशेने धावतात त्यामुळे ते जागच्या जागी फिरत राहतं, मुलांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ हातानेच चाक फिरवून बघत बसली होती! तुझ्या मापाला २४ दाती घातलं तर लांबीतली जेमतेम १.४ मिमी सैल निघेल. त्याहून ढिली चेन असेल तर धक्क्याला ते निसटतं, मग आधी दोन कड्या कमी होतात का बघ.

पीएलए नको, ६० अंशाच्या आसपास मऊ पडतो आणि कायम दाबाखाली ठेवला तर हळूहळू वाकतो. चेन घासणार तिथे नायलॉनचा रॉड किंवा भाजी कापायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड कापून लावा.

आर्मसाठी मात्र वेगळा उपाय. आर्म पूर्ण गोल फिरत नाही ना? मग चेनचा जो भाग कधीच स्प्रॉकेटवर चढत नाही तिथे चेन तोडायची, दोन्ही टोकांना ३ मिमी लोखंडी पट्टीचे छोटे एल लावायचे (पट्टी चेनलॉकच्या, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कडीच्या, मधे बसते, भोक पिनेच्या मापाचं), आणि दोन्ही एल एका एम५ बोल्टने जवळ ओढायचे. खरा टर्नबकल (मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं जवळ ओढतो तो) करायचा तर एका बाजूला उलटे आटे लागतात, ते पाडायचा टॅप सहज मिळत नाही, याला तो लागतच नाही.

सांगलीची मेकॅनिकलवाली
काका, दादा, खूप खूप आभार! आर्मचं आजच केलं, एल आणि बोल्ट, हलणं जवळपास गेलं. चाकांना स्लॉटऐवजी एक्सेंट्रिक बुश चालेल का? नायलॉनच्या गोलात ३ मिमी बाजूला भोक, फिरवलं की एकूण ६ मिमी सरकतं, लेथवर अर्ध्या तासात होईल.

भोसरीचा टूलरूमवाला
चालेल, पण दोन गोष्टी. भोक बाजूला असल्यामुळे बुश फिरवला की चाक पुढेमागे सरकतं तसं वरखालीही होतं, ३ मिमीपर्यंत. मग एक चाक जमिनीवरून उचललं जाईल आणि तू परत चेनलाच दोष देशील. डावीउजवीकडचे बुश सारखेच फिरव आणि चारही चाकं सपाट काचेवर ठेवून खालून कागद सरकवून बघ. दुसरं, ६ मिमीत दोन कड्या निघत नाहीत, ६.३५ लागतात, त्यामुळे भोक साडेतीन मिमीवर घे.