प्रतिसाद: सेलेनियम रेक्टिफायरच्या जागी साधा ब्रिज

जुन्या बुलेटच्या पत्र्यांच्या सेलेनियम रेक्टिफायरऐवजी (अल्टरनेटरच्या एसीचं बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) इंदूरच्या महाराणी रोडवर मिळणारा स्वस्त ब्रिज, म्हणजे चार डायोडचा तयार रेक्टिफायर, चालेल का, असं विचारलंय. नक्की चालेल. केबीपीसी ३५१० घ्या: ३५ अँपिअर, १००० व्होल्ट.

त्याचा एक कोपरा कापलेला असतो, तिथली पिन प्लस. तिच्या तिरप्या समोरची मायनस. उरलेल्या दोन पिनांना अल्टरनेटरच्या दोन वायरी, कशाही लावा.

खरी चूक पुढे होते. जुन्या रेक्टिफायरचा मधला बोल्ट हीच अर्थ, म्हणजे चॅसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणी, असायची. नव्या ब्रिजची बॉडी आतून इन्सुलेटेड असते, त्यामुळे नुसता बोल्ट आवळला तर चार्जिंग शून्य! चॅसीला वेगळी वायर द्याच. आधी बॅटरीचं कोणतं टोक चॅसीला आहे ते पाहा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर प्लस पिन चॅसीला आणि मायनस पिन बॅटरीच्या मायनसला. उलटं जोडलंत तर ब्रिज तत्काळ उडेल.

करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो; त्यांत मिळून साधारण दीड-दोन व्होल्ट पडतात, म्हणजे ८ अँपिअरला १२ ते १६ वॅट उष्णता. इंदूरच्या मे महिन्यात हे सोपं नाही. मागे ॲल्युमिनियमची पट्टी आणि थर्मल पेस्ट हवीच.

आणि हो, हा ब्रिज व्होल्टेज रेग्युलेट करत नाही.