मदत हवी आहे: अलाइनमेंटनंतर ईएससीचा दिवा जात नाहीये

मंडळी, गाडीचं व्हील अलाइनमेंट करून आणलं आणि तेव्हापासून डॅशबोर्डवर ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या सिस्टीमचा, तो घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय तो जातच नाही. एबीएसचा दिवा नाहीये, ब्रेकही नीट लागतात, फक्त सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतंय. अलाइनमेंटवाला म्हणतो सेन्सर गेला, बदला. चाकांच्या कामाने सेन्सर कसा काय जाईल? मुळात गाडी घसरतेय हे ईएससीला कळतं कसं, आणि ब्रेक चारही चाकांना लागतो की एखाद्यालाच? तोवर गाडी चालवली तर चालेल ना?

प्रतिसाद १
सेन्सर बदलायची घाई नको. स्टिअरिंगखाली एक अँगल सेन्सर असतो, तो सांगतो ड्रायव्हरला कुठे वळायचंय. दुसरा यॉ सेन्सर, तो गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय ते मोजतो, शिवाय चारही चाकांचे स्पीड सेन्सर आहेतच. कंप्युटर हे सगळं सेकंदाला कित्येकदा ताडून बघतो आणि मेळ बसला नाही की एकाच चाकाला ब्रेक मारतो. समजा डावं वळण आहे आणि गाडीचं तोंड वळतच नाहीये, सरळ बाहेर चाललीय, तर मागचं डावं चाक धरतो. उलट मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर पुढचं उजवं. गरज पडली तर इंजिनची ताकदही कमी करतो, तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा.
आता तुमचं स्टिअरिंग सांगतंय डावीकडे आणि गाडी जातेय सरळ, मग सिस्टीमला काही पटेना म्हणून तिने स्वतःला बंद करून घेतलं असणार. आधी अलाइनमेंट परत करून स्टिअरिंग सरळ करून घ्या, मग स्कॅनर लावून अँगल सेन्सरचा झीरो सेट करायला सांगा, म्हणजे सरळ स्टिअरिंग कुठे ते त्याला कळेल. काही गाड्यांत थोडं सरळ चालवल्यावर तो आपोआप होतो.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे. चालवायला हरकत नाही पण ओल्या वळणावर जपून, कारण आता सावरायला कोणी नाही. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास स्वीडनमधल्या टेस्टमध्ये उलटली, तेव्हा कंपनीने सगळ्या ए-क्लासमध्ये ही सिस्टीम स्टँडर्ड केली होती, म्हणजे बघा. आणि दिव्याखाली ऑफ लिहिलंय का? ईएससी बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलं असेल तरी दिवा राहतो.

धागाकर्ता
ऑफ नाही लिहिलेलं, बटण दाबून पाहिलं, फरक शून्य. झीरो सेट करताना गाडी जॅकवर लागते की जमिनीवर सपाट?

प्रतिसाद १
सपाट जमिनीवर, चाकं आणि स्टिअरिंग दोन्ही सरळ. टायरची हवाही आधी बघून घ्या.