मदत हवी आहे: कोल्हापूर-नागपूर विमानप्रवासाला नेमका वेळ किती धरू?

रंकाळाकाठी:
नमस्कार मंडळी. वर्ध्याला भाचीचं लग्न आहे. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. दरवेळी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालत जातो आणि उतरेपर्यंत आईचे पाय सुजलेले असतात. म्हणून यंदा विमान.

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर सगळीकडे ७०० किमीच्या आसपास दाखवतात. पण वेळ एका ठिकाणी सव्वा तास, दुसऱ्या ठिकाणी सहा तास! अंतर तेच, मग एवढा फरक कसा? आणि घर ते लग्नघर एकूण किती धरायचा? थेट विमान काही वारीच दिसतंय.

खिडकीचीसीट:
सहा तासवालं तिकीट नीट उघडून बघा, मधे मुंबई किंवा हैदराबाद असणार. तिथं विमान बदलायचं, वेळ त्यातच जातो.

थेट विमानातही प्रकार बघून घ्या. पंखेवालं एटीआर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे पावणेदोन तास धरा. छोटं जेट ८००च्या घरात, त्याला सव्वा ते दीड तास. नुसता भागाकार करू नका. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीकडे जाणं, चढणं, उतरणं सगळं आलं.

सोनेगावकर:
भाऊ, घरून उजळाईवाडी (कोल्हापूरचं विमानतळ) अर्धा तास, तिथं दीड तास आधी, विमान सव्वा-दीड तास, सोनेगावला (नागपूरचं विमानतळ) सामान हाती यायला अर्धा तास, मग वर्धा गाडीनं दीड तास. साडेपाच तास पकडा. रेल्वेचा जवळजवळ अख्खा दिवस जातो, अन् तिची एकच सोय म्हणजे ती थेट वर्ध्यातच सोडते. मधे विमान बदलायचं तिकीट घेऊ नका. पहिलं लेट झालं तर आईला घेऊन टर्मिनलमध्ये पळाल काय?

खिडकीचीसीट:
आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. एटीआरचं दार मागं असतं, दारातच चार-पाच पायऱ्यांची शिडी. पायऱ्या थोड्या, पण उंच आहेत. माझ्या सासूबाईंना पहिल्या पायरीवर पाय टाकतानाच हात द्यावा लागला होता. आई चढू शकत नसतील तर तेही आधीच कळवा.

रंकाळाकाठी:
आभारी आहे. सहा तासवालं उघडलं, खरंच मुंबईत साडेतीन तास थांबा निघाला! लग्न शनिवारी आहे, थेट विमान मिळतंय त्या दिवशी, म्हणजे दोन दिवस आधीच निघतो. आई खूश आहे, फक्त लग्नघरासाठी दोन किलो कांदा-लसूण चटणी केलीय, ती पिशवी मांडीवर घेऊन बसणार म्हणते.

सोनेगावकर:
मांडीवर नको, मोठ्या बॅगेत टाका. तिखट तपासणीत अडवतात. आणि थोडी इकडे पण येऊ द्या!