मदत हवी: रॉकेट मेलचं कव्हर (टपालाचं पाकीट) घेऊ का? आजच सांगा

लातूरचा_छंदी: तिकीट प्रदर्शनासाठी अंतराळ विषयावर फ्रेम (तिकिटं-पाकिटं लावायची चौकट) भरायलोय. स्पुटनिक, आर्यभट, अपोलो झालं, सुरुवातीचं रॉकेट मेल, म्हणजे रॉकेटनं उडवलेलं टपाल, तेवढं राहिलंय. एकजण स्टीफन स्मिथचं (आपल्याकडं रॉकेटनं टपाल उडवणारा) सिक्कीमचं कव्हर नऊ हजारात देतोय. उद्या दुसऱ्याला देणार म्हणतो. घेऊ का नको?

बीडचा_पाकीटमार: तारीख? शिक्का? स्मिथची सही? नुसतं "घेऊ का" म्हणल्यावर काय सांगावं माणसानं. आणि एवढी घाई कामून करायलाव?

निजामी_आणा: मराठवाड्यात राहून सिक्कीम कशाला? निजाम स्टेटची तिकिटं जमवा. उर्दू, इंग्रजी, तेलुगू, मराठी, सगळं एकाच तिकिटावर. जुन्या वाड्यांच्या रद्दीत अजून निघतात.

लातूरचा_छंदी: काका, निजामाचं विचारलंच नाही.

तिकीटशास्त्री: स्मिथच्याही आधी ऑस्ट्रियाचा श्मीडल. २ फेब्रुवारी १९३१, शोकल डोंगरावरून रॉकेटनं १०२ पत्रं उडवली. फ्रेम तिथूनच सुरू व्हायला पाहिजे. नाहीतर जर्मन त्सुकर घ्या, १९३४ ला स्कॉटलंडच्या स्कार्प बेटावर त्याचं रॉकेट फुटलं. जळक्या कडांची पाकिटं आहेत त्याची.

बीडचा_पाकीटमार: श्मीडलचं कव्हर लातुरात कोण आणून देणार, तुम्ही? स्मिथ आपल्या कलकत्त्याचा. १९३४ ते ४४ मध्ये २७० च्या आसपास रॉकेटं उडवली. १९३५ ला तर दामोदर नदीपार कोंबडा-कोंबडी पाठवली, दोन्ही जिवंत उतरली! श्मीडलनं कोंबडी पाठवली का?

तिकीटशास्त्री: कोंबडीचा आणि फिलाटेलीचा (तिकीटसंग्रहाचा) काय संबंध?

जालना_नवखी: माझ्याकडं आर्यभटचं १९७५ चं २५ पैशांचं तिकीट आहे. किती येतील?

बीडचा_पाकीटमार: ताई, चहाचे निघाले तर बघा. लातूरवाले, कव्हरचं सांगा ना.

लातूरचा_छंदी: फोटो चढत नाही. पंचम जॉर्जचं तिकीट, कलकत्त्याचा शिक्का, डिसेंबर १९३४. शेजारी सिक्कीमचं रॉकेट लेबल (रॉकेट टपालावर लावायची छापील चिठ्ठी). सही नाही.

बीडचा_पाकीटमार: थांबा. सिक्कीमची उड्डाणं एप्रिल १९३५ पासूनची. डिसेंबर ३४ च्या पाकिटावर ते लेबल आलं कुठून? कोरी लेबलं सुटी मिळतात, साध्या जुन्या पाकिटावर मागून चिकटवलं असणार. अर्धा लेबलवर, अर्धा पाकिटावर असा एखादा तरी शिक्का आहे का?

लातूरचा_छंदी: लेबल कोरंच आहे. आता चार हजारात देतो म्हणायलाय.

बीडचा_पाकीटमार: चारशेत पण नको.

लातूरचा_छंदी: मग फ्रेममधली जागा कशानं भरू? प्रदर्शन तोंडावर आलंय.

तिकीटशास्त्री: प्रदर्शनातली एंट्री थीमॅटिकमध्ये (विषयाची गोष्ट सांगणारा गट) की अ‍ॅस्ट्रोफिलाटेलीत (रॉकेट-अंतराळ टपालाचा गट)? हे पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं. थीमॅटिक असेल तर टपाल खात्यानं १९९२ ला स्मिथवर काढलेलं तिकीट लावा, गोष्ट पुढं सरकते. अ‍ॅस्ट्रोफिलाटेलीत त्यानं भागत नाही, प्रत्यक्ष उडालेलंच पाकीट लागतं.

लातूरचा_छंदी: थीमॅटिक. १९९२ चं कुणाकडं जादा आहे का? लातूरपर्यंत स्पीड पोस्टनं पाठवा, पैसे लगेच टाकतो.

निजामी_आणा: माझ्याकडं आहे. बदल्यात निजामाचं काही असलं तर बोला.